साक्षीदार क्रमांक चार

सकाळचे नऊ वाजेपर्यंत मनस्वीच्या गच्चीवर चार फेऱ्या झाल्या होत्या. काही आणायचं नव्हतं की वाळत घालायचं नव्हतं. घरात बसवत नव्हतं, एवढंच. खाली तळवलीच्या गल्लीत रविवारची गडबड होती. मासळीवालीपुढे बायका जमल्या होत्या, आणि ओट्यावर तिचा आजा जानू मढवी रोजच्यासारखा पाय सोडून बसला होता. एक्याण्णव वर्षांचा, पण पाठ ताठ. येणाऱ्याजाणाऱ्याला हात वर करून ओळख देत होता.

मनस्वीनं कुर्त्याच्या खिशातले कागद पुन्हा चाचपले. तीन दिवस ते तिच्याच अंगावर होते. घरात ठेवायला जागा सापडत नव्हती.

आठ महिने ती एका मालिकेसाठी संशोधन करत होती. मालिका एका जुन्या मृत्यूच्या तपासावर होती. साल एकोणीसशे सत्तावन्न, मुंबईचा चंद्रकोर स्टुडिओ. सिनेमाचे ते सोन्याचे दिवस, एका वेळी चार चार सेट लागलेले. तिथले बडे निर्माते जगमोहन शेठ दुपारच्या सुट्टीत सेटवर खुर्चीत बसले होते, आणि वरचा मोठा दिवा त्यांच्या डोक्यात पडला. दिव्याचा दोर कुणीतरी सोडलेला होता. आदल्याच दिवशी समूहनृत्यातल्या एका मुलीनं सगळ्यांदेखत शेठच्या कानाखाली वाजवली होती, आणि शेठ गेले त्या दिवसापासून ती मुलगी बेपत्ता होती. पोलिसांना ती कधीच सापडली नाही. मासिकांनी मात्र तिला खुनी ठरवलं. मालिकेच्या शेवटच्या भागातही खुनी तीच निघत होती.

त्या मुलीचं नाव पुतळा. जानूची धाकटी बहीण.

मनस्वीनं हे काम घेतलं होतं तेच मुळी या नावासाठी. दोन महिन्यांपूर्वी ती कोल्हापूरला प्रेमलापर्यंत पोचली. प्रेमला पुतळाची मुलगी, निवृत्त नर्स. तिच्या कपाटात आईच्या लग्नाचं सर्टिफिकेट होतं. शेठ मेले त्याच दिवशी, त्याच दुपारी, पुतळा पुण्यात बोहल्यावर उभी होती; स्टुडिओत आवाजाच्या विभागात काम करणाऱ्या एका कोल्हापूरच्या मुलाशी तिचं लग्न लागत होतं. कागदावर तारीख होती, वेळ होती, साक्षीदारांच्या सह्या होत्या. म्हणजे तिनं काहीच केलं नव्हतं. ते ऐकून घरात पेढे आले होते. प्रेमलाला जेवायला बोलवायचं ठरलं, तो दिवस आजचा.

आणि तीन दिवसांपूर्वी जुन्या दफ्तरातून पोलिसांच्या कागदांच्या प्रती मनस्वीच्या हातात आल्या.

"काय गं, सारखी वर-खाली?" हिराजी, तिचे वडील, जिना चढून आले. "प्रेमलाताई येणार म्हणून टेन्शन आलंय काय? मी नवीन खुर्ची पण आणली. बाबांच्या शेजारी बसवू तिला."

मनस्वीनं कागद पुढे केले.

हिराजींनी चष्मा लावला. जुन्या वळणाचं मोडकं हस्ताक्षर होतं, पण वाचता येत होतं. *साक्षीदार क्रमांक चार. जानू रामा मढवी, वय तेवीस, काम लाइटवाला, राहणार तळवली. माझी सख्खी बहीण पुतळा ही वर चढून दिव्याचा दोर सोडत असताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.* खाली सही होती. तीच सही हिराजींनी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती.

"खोटा असेल कागद."

"पप्पा."

"ती पुण्यात होती म्हणालीस ना? मग बाबांनी तिला इथं कशी बघितली?"

"तेच तर."

हिराजी कठड्याला टेकले. खाली म्हातारा कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होता.

"फाड."

"झेरॉक्स आहे ही. दफ्तरात मूळ प्रत आहेच."

"ऑफिसात दाखवलीस?"

"नाही. उद्या द्यायचीये."

"उद्या द्यायचीये!" त्यांचा आवाज चढला आणि त्यांनीच तो खाली आणला. "एक्याण्णव वर्षांचा माणूस, मनू. उद्या दारात पोलीस आले, टीव्हीवाले आले, तर तो संध्याकाळ बघणार नाही. कळतंय तुला?"

"आणि नाही दिली तर? नुसत्या सर्टिफिकेटवर शेवट बदलायला ते तयार नाहीत, पोलिसांचे कागद मागतायत. पुतळाआजी खुनी म्हणून घराघरांत दिसेल."

"ती गेली आता. सोळा वर्षं झाली जाऊन."

"तिची मुलगी आहे ना! दोन तासांत आपल्या दारात असेल."

हिराजींनी खिशातून फोन काढला. प्रेमलाला आणायला त्यांची बहीण दमयंती सकाळीच गाडी घेऊन निघाली होती. जिन्याच्या वळणावर गोजरा, मनस्वीची आई, धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

कळंबोलीला कोल्हापूरच्या गाडीतून प्रेमला उतरली, तेव्हा दमयंतीनं तिला लांबूनच ओळखलं. फोटो पाहिला नव्हता. पण खांद्यावरची पिशवी सावरत मान किंचित उजवीकडे झुकवायची ती लकब दमयंती जन्मापासून घरात बघत आली होती. बाबांची लकब.

कामोठ्यातून येताना ती मनात वाक्यं जुळवत होती. ही आपली आतेबहीण, आपल्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. काय म्हणायचं? शेवटी ती फक्त "या ताई" म्हणाली आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन गाडीत ठेवली.

पुतळाआत्याचं नाव दमयंतीनं लहानपणी शिवीसारखं ऐकलं होतं. चौथीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला नाचात घेतलं, तर आजीनं घरी येऊन घुंगरू विहिरीत टाकले. "नाचशील त पुतला होशील." पुढे ती स्वतः मास्तरीण झाली आणि तेहतीस वर्षं दर वर्षी वर्गातल्या एकूण एक मुलीला स्टेजवर उभं केलं. पुतळा निर्दोष निघाली, त्या दिवशी सगळ्यांत जास्त तीच रडली होती. खरं सगळ्या गावाला ओरडून सांगायचं, हे टुमणं तिचंच होतं.

हायवेला लागतात न लागतात तोच फोन वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता.

"दमे, तिला आणू नको." हिराजींचा आवाज सगळ्या गाडीभर झाला. "काहीही सांग. बाबांची तब्येत बिघडली सांग. मागनं सांगतो सगळं."

दमयंतीनं फोन कापला.

"मामांची तब्येत बरी आहे न्हवं?" प्रेमलानं शांतपणे विचारलं.

"सकाळीच बोलले माझ्याशी. ठणठणीत आहेत."

"मग कळलं असंल तुमच्या भावास्नी."

"काय?"

"साक्ष कुणी दिली ते."

दमयंतीला अर्थ लागला नाही. प्रेमलानं सांगितलं, बाहेर बघत, फारसा आवाज न चढवता. पुतळानं कोल्हापुरात एका जुन्या वर्तमानपत्रात आपल्या भावाचं नाव वाचलं होतं. भावानंच पाहिलं म्हटल्यावर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? तिनं नाव बदललं. लग्नाचं सर्टिफिकेट होतं, पण ते दाखवायला आधी आपण पुतळा आहोत हे सांगावं लागलं असतं.

"सात घरं बदलली आम्ही. गल्लीत पोलिसांची गाडी दिसली की आई मागच्या दारानं बाहेर. माझ्या लग्नात ती मांडवात आली नाही, कॅमेरा होता म्हणून. आत स्वयंपाकाच्या जागी, भाताजवळ उभी होती. मला वाटायचं, हिला माझी लाज वाटते. खरं कारण मरायच्या आदल्या महिन्यात सांगितलं तिनं."

तुर्भ्याजवळ दमयंतीनं गाडी कडेला घेतली. ट्रक गेला की गाडी हलत होती.

बाबा तिच्या प्रत्येक बक्षीस समारंभाला आले होते. पहिल्या रांगेत बसायचे, धुतलेला सदरा घालून. दमयंतीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. दोन महिने ती सगळ्यांना ठणकावत होती की खरं बाहेर यायलाच पाहिजे. तेव्हा ते खरं दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

"ताई, मी... परत फिरवू का गाडी?"

प्रेमलानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही चालवताय, तुम्ही ठरवा. मी काय भांडायला आलो नाही. पण न विचारता परत जायला पण आलो नाही."

पाच मिनिटं गाडी तशीच उभी राहिली. फोन पुन्हा वाजला, वाजून थांबला. मग दमयंतीनं इंडिकेटर लावला आणि गाडी तळवलीच्या दिशेनं पुढे काढली.

गोजरानं कोळंबी सोलून ठेवली, तांदळाचं पीठ मळायला घेतलं, अर्धवट सोडलं आणि हात पुसून बाहेर ओट्यावर आली.

"बाबा, आत चला."

"कशाला? वारा हाय ना हितं."

"मनूला तुमची साक्ष सापडली. पोलिसांतली."

तीस वर्षं ती या माणसाला जेवायला वाढत होती. तो चिडेल, नाही म्हणेल, कसली साक्ष म्हणून विचारेल, असं तिला वाटलं होतं. जानूनं फक्त समोरून जाणाऱ्या माणसासाठी वर केलेला हात खाली घेतला.

"कोनी कोनी वाचला?"

"तिनं, ह्यांनी. मी ऐकलं."

"दमीनं?"

"तिला आता कळेल."

त्यानं ओट्यावरून सोडलेले पाय वर घेतले. मग म्हणाला, "मना पानी कार. आंघोल करतो."

"सकाळी केलीत की."

"पुन्ना करतो."

तिनं पाणी काढून दिलं. न्हाणीच्या दाराबाहेर हिराजी येरझाऱ्या घालत होते. म्हातारा बाहेर येताच त्यांनी त्याचा दंड धरला. "बाबा, तुम्ही वरच्या खोलीत बसा. ती जेवून जाईल. मी सांगतो तुम्हाला बरं नाही, झोपलात."

"हिरा, सोर हात."

"तुम्हाला कळत नाही काय होईल ते! गोजरा, तू पण तेच सांगायचं. झोपलेत म्हणायचं."

गोजरा पिठाच्या हातांनीच उभी होती. चार माणसांत नवऱ्याला उलटून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मला त्या बाईला समोर उभं राहून वाढायचंय. मी खोटं बोलून तिच्या ताटात भाकरी नाही टाकणार."

"तू पण फिरलीस?"

"मी कुठं फिरले? मी माझ्या चुलीपाशीच आहे."

बाहेर गाडीचं दार वाजलं.

हिराजींनी उंबरठ्यावर जाऊन वाक्य तयार ठेवलं होतं. पण समोरून येणाऱ्या बाईच्या भुवया, ती हनुवटी, ते मान झुकवणं बघून ते एक पाऊल मागे सरले. आपल्या बापाला साडी नेसवून कुणी समोर आणून उभं केलं असावं, तसं झालं. तरी त्यांनी वाक्य पूर्ण केलंच. "या ताई. बाबांना जरा बरं नाही, झोपलेत."

"झोपलो नाय." मागून आवाज आला.

जानू ओल्या केसांनी दारात आला होता. काठी नव्हती. तो प्रेमलाकडे बघत राहिला, आणि मग नव्या खुर्चीवर न बसता भिंतीला धरून खाली जमिनीवर बसला. मनस्वीनं उठवायला हात पुढे केला, त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"विचार," तो प्रेमलाला म्हणाला.

प्रेमला उभीच होती. "दोर कुणी सोडला, मामा?"

"मी व्हतो वर, तराफ्यावर. येकटाच. सगले जेवाला गेलते. तराफा म्हंजे वर दोरांवर टांगलेल्या फल्या, त्यांच्यावर बसून दिवे फिरवाचे. मना दिवा सरकवाचा व्हता, म्हनून दोर सोरून हातान धरला. शेठ खाली येऊन बसला, दोन मानसा घेऊन. हसत व्हता. पुतलाचा नाव घेतला त्यानं." तो थांबला. "काय बोल्ला ता पोरींसमोर सांगनार नाय. मी आयकत रायलो. आनी मंग दोर माज्या हातान नवता."

"सुटला की सोडलात?" दमयंतीनं विचारलं. तिचा मास्तरणीचा आवाज कुठेतरी गेला होता.

"दमे, ता मी रोज सोताला विचारतो. कंदी वाटतं सुटला. कंदी वाटतं मीच सोरला. खरा सांगतो, मना म्हायत नाय."

"आणि साक्ष?"

"लाइटचा मुकादम बोल्ला, तुजी भयीन पलाली, ती काय आता गावत नाय. तिचा नाव सांग, नाय त तू फासावर जाशील. आय-बा माज्यावर व्हते. मी सांगितला. वाटला, दोन महिन्यान मिटंल, मंग तिला शोधून घरा आनीन."

"शोधलंत?" प्रेमला.

"नाय."

"एकदा तरी?"

"नाय. भ्यालो. पयले पोलिसाला भ्यालो, मंग तिला."

गोजरानं आत जाऊन गॅस बंद केला, तो आवाजही सगळ्यांनी ऐकला.

"तिनं मना माफ केला व्हता का?" जानूनं विचारलं.

दमयंतीला वाटलं, हो म्हणावं हिनं. म्हाताऱ्यासाठी नाही, आपल्यासाठी.

"नाही," प्रेमला म्हणाली. "तुमचं नाव निघालं की ती उठून जायची. मी पण माफ करायला आलो नाही, मामा. मला तुमच्याकडनं काही नको. फक्त जिथं तिचं नाव लिहिलंत ना, तिथं जाऊन खरं लिहा."

"ताई, वय बघा त्यांचं!" हिराजी पुढे झाले. "ह्या वयात पोलिसांत न्यायचं? ऐकलंत ना तुम्ही सगळं? मनू लिहील, मालिकेत बदलतील ते. एवढ्यानं नाही भागत?"

"माझी आई एकाहत्तराव्या वर्षी गेली. जाईपर्यंत पोलिसांना भीत होती."

"पप्पा, मी नेते आजाला," मनस्वी म्हणाली. "रिक्षानं नेते."

"मी येते बरोबर," दमयंती म्हणाली. रस्त्यात ती कुठल्या बाजूला होती आणि आता कुठल्या, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. पण आवाज परत आला होता.

हिराजी तरातरा बाहेर निघून गेले. ओट्यावर, गल्लीत, पुन्हा ओट्यावर. कंपनीत बत्तीस वर्षं काम केलेला माणूस, अपघाताचे रिपोर्ट त्यानं स्वतः लिहिले होते. कुठल्या मशिनवर कोण होतं, हात कुणाचा गेला, हे खरं लिहायचं असतं हे तो नव्या पोरांना शिकवत असे. आत बायको पानं वाढत होती. त्यांचंही एक पान होतं. बापाला त्यांनी आजवर कधी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

ते आत आले, बापाशेजारी खाली बसले.

"रिक्षा कशाला? गाडी मी काढीन."

प्रेमला जेवली. भाकरी अर्धीच खाल्ली, पण कालवणाची वाटी रिकामी केली. जानूशी ती पुन्हा बोलली नाही. रात्री मुक्कामाला दमयंतीकडे कामोठ्याला गेली.

सोमवारी अकरा वाजता सहाजणं जवळच्या पोलीस ठाण्यात बाकावर आणि बाकाभोवती बसली होती. टेबलामागची फौजदार बाई मनस्वीहून फार मोठी नसावी. तिनं कागद वाचले, सर्टिफिकेट बघितलं, पुन्हा कागद वाचले.

"आजोबा, ही हद्द मुंबईची आहे. आमच्याकडे येत नाही हे."

"लिवून धारा तिकरं."

"केस सत्तावन्न सालची. माझ्या वडिलांचा पण जन्म झाला नव्हता तेव्हा." ती हिराजींकडे वळली. "साहेब, आजोबा सोडले तर यातलं कोणी हयात नसेल. फाईल कधीच बंद झाली असेल. घरी न्या आजोबांना, उन्हाचं कशाला..."

हिराजी काल याच वाक्याची वाट बघत होते. आता ते ऐकताना त्यांना मनातून बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. त्यांनी बापाकडे पाहिलं. जानू जागचा हलला नव्हता. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ.

"मॅडम," हिराजी म्हणाले, "लिहून घ्या. आम्ही थांबतो."

"अहो पण..."

"आमी थांबतो," जानू म्हणाला.

ते थांबले. एक वाजला. फौजदार बाईनं दोनदा कुणाला तरी फोन लावले, तिसऱ्यांदा लावून बराच वेळ ऐकलं, आणि शेवटी कोरा कागद पुढे ओढला. मनस्वी मध्येमध्ये आजाची बोली समजावून देत होती, पण फारशी गरज पडली नाही. दोर, दिवा, मुकादम, सगळं त्यानं कालच्यासारखंच सांगितलं, एक शब्द न वाढवता. सुटला की सोडला, तिथं तो पुन्हा थांबला आणि म्हायत नाय असंच लिहायला लावलं.

"जिचं नाव खोटं घेतलं म्हणताय, तिचं पूर्ण नाव?"

"पुतला रामा मढवी."

"तुमच्याशी नातं?"

"भयीन. सख्खी भयीन."

"पत्ता?"

मनस्वीनं प्रेमलाकडे पाहिलं. कोल्हापूरचा शेवटच्या घराचा पत्ता तिलाच माहीत होता. प्रेमलानं सांगायला तोंड उघडलंही.

"तलवली," जानू म्हणाला. "आमचा घर."

फौजदार बाईचं पेन थांबलं. तिनं प्रेमलाकडे बघितलं, मग हिराजींकडे.

प्रेमलानं तोंड मिटलं. पिशवी मांडीवर ओढून घेतली, तिचा बंद दोनदा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला.

"लिहा तेच," ती म्हणाली.